मेंदूला वीज, तोंडी परीक्षा

विजेची काडी मेंदूला टेकवली की माणसाच्या तोंडून आपोआप शब्द बाहेर पडत असतील, अशी बऱ्याच जणांची कल्पना असते. तसं होत नाही. माँट्रियालचे शल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड यांनी 1930च्या दशकापासून अनेक वर्षं जाग्या रुग्णांच्या उघड्या मेंदूला वीज लावून पाहिली. ओठ-जीभ हलवणाऱ्या पट्ट्यावर वीज लागली, तर रुग्णाच्या घशातून एक लांबलचक स्वर निघे आणि तो त्याला आवरता येत नसे. अर्थ असलेला शब्द काही निघाला नाही. उलट रुग्ण बोलत असताना काही ठिकाणी वीज टेकवली की बोलणं थांबे, काडी उचलली की पुन्हा सुरू होई. मेंदूतल्या भाषेविषयी विजेने जे काही शिकवलं, ते असं अडवून शिकवलं.

हे का होतं? मेंदूतल्या पेशी एकमेकींशी अगदी सूक्ष्म विद्युत संदेशांनीच बोलत असतात आणि त्या संदेशांना ठरलेला क्रम असतो. बाहेरून आलेली वीज त्या जागेवरच्या साऱ्या पेशींना एकदम चाळवते, क्रम मोडतो आणि तेवढा तुकडा काही क्षण कामाला नालायक होतो. गावातल्या तारांचा नकाशा हरवला असेल, तर एकेक डीपी बंद करून कोणती वाडी अंधारात गेली ते पाहता येतं. इथेही तेच चाललेलं असतं, फक्त एका वेळी चार सेकंद. अर्थात वाडी अंधारात गेली म्हणून वीज त्या डीपीतच तयार होते, असं कुणी म्हणत नाही. मेंदूच्या बाबतीत मात्र भलेभले तसं म्हणून बसले आहेत.

या पद्धतीची सुरुवात फारशी अभिमानाने सांगावी अशी नाही. 1870 मध्ये बर्लिनच्या फ्रिच आणि हिट्झिग यांनी कुत्र्याच्या मेंदूला वीज लावून त्याचे पाय हलवून दाखवले. चारच वर्षांनी अमेरिकेत सिनसिनाटीच्या रॉबर्ट्स बार्थोलो या डॉक्टराने मेरी रॅफर्टी नावाच्या बाईवर तोच प्रयोग केला. तिच्या कवटीला व्रणाने भोक पडलं होतं, मेंदू उघडा होता. त्याने त्यात सुया खुपसून वीज वाढवत नेली. तिला जबर आकडी आली आणि काही दिवसांत ती गेली. तिच्या आजाराला या प्रयोगाचा काडीचाही उपयोग नव्हता. आज असं कुणालाही करू दिलं जात नाही. ज्याचा मेंदू उपचारासाठी उघडावाच लागणार आहे त्याच्याच मेंदूला थेट वीज लागते, आणि तीही आधी त्याच्या भल्यासाठी. विज्ञानाच्या पदरात पडतं ते त्यातून उरलेलं.

ही गरज बहुतेक वेळा दोन आजारांत पडते. औषधांना दाद न देणारा अपस्मार हा एक. दुसरा म्हणजे मेंदूतलीच पेशी बिघडून वाढणारी ग्लायोमा जातीची गाठ. या गाठीला स्वच्छ कड नसते, ती निरोगी भागात मुळ्यांसारखी शिरलेली असते. जास्त काढावी तर वाचा जाण्याची भीती, कमी काढावी तर गाठ लवकर पुन्हा वाढण्याची. म्हणून डाव्या अर्ध्या मेंदूत, जिथे बहुतेकांची भाषा असते, तिथे गाठ असेल तर रुग्णाला मध्येच जागं करून, त्याच्याशी बोलत बोलत ती काढतात.

मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात अशा जागेपणीच्या शस्त्रक्रिया होतात. त्याच संस्थेचं दुसरं मोठं केंद्र, ॲक्ट्रेक, खारघरला आहे. म्हणजे नवी मुंबई म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, पण जिल्ह्याने रायगडच असलेल्या भागात. मांडव्याहून बोटीने मुंबई गाठणारा किंवा पेण-पनवेलच्या रस्त्याने खारघरला येणारा अलिबाग-मुरूडकडचा रुग्ण बरोबर केवळ फायली घेऊन येत नाही, आपली बोलीही घेऊन येतो. या शस्त्रक्रियेत ती फायलींइतकीच महत्त्वाची ठरते. कशी, ते कळायला आधी त्या खोलीत काय चालतं ते पाहू.

मेंदूला स्वतःला वेदना कळत नाहीत. दुखतं ते डोक्याच्या कातडीला, हाडावरच्या पडद्याला आणि मेंदूवरच्या जाड आवरणाला. म्हणून डोक्याच्या कातडीतल्या नसांभोवती बधिरीकरणाची इंजेक्शनं देतात, डोकं तीन खिळ्यांच्या पकडीत स्थिर करतात आणि कवटी उघडेपर्यंत बहुधा रुग्णाला झोपवून ठेवतात. मेंदू दिसू लागला की भूल उतरवतात. माणूस एका कुशीवर निजलेला, समोर छोटा पडदा, पडद्याशेजारी स्पीच थेरपिस्ट. डोक्याच्या बाजूला हिरव्या कापडाआड शल्यविशारद.

विजेची काडी दोन टोकांची असते. टोकांत सुमारे पाच मिलिमीटरचं अंतर, टोकं बोथट. सेकंदाला साधारण साठ ठोके, प्रत्येक ठोका एक मिलिसेकंदाचा, आणि प्रवाह एक-दीड मिलीअँपियरपासून सुरू करून हळूहळू वाढवत नेलेला, बहुधा सहाच्या आत. ठोका आधी एका दिशेने आणि लगेच उलट दिशेने जातो, म्हणजे एका जागी विद्युतभार साठून पेशींना इजा होत नाही. प्रवाह जास्त झाला तर आकडी येऊ शकते. तिची चाहूल मेंदूवर ठेवलेल्या नोंद-पट्टीवर दिसली, की थेट मेंदूवर बर्फासारखं गार क्षारजल ओततात. बहुतेकदा तेवढ्याने आकडी शमते. वाचताना अंगावर काटा येतो, पण रुग्णाला ते गार पाणी जाणवतसुद्धा नाही.

पहिलं काम आकडे मोजायचं. ‘एक, दोन, तीन...’ म्हणत असताना कुठे वीज टेकवली की आवाज थांबतो ते पाहतात. ही जागा बहुतेकांत तोंड हलवणाऱ्या पट्ट्याच्या खालच्या भागाजवळ सापडते आणि तिथून पुढच्या चाचण्यांसाठी विजेचं माप ठरतं. मग पडद्यावर चित्रं येऊ लागतात. चित्र येण्याच्या क्षणभर आधी काडी टेकते, तीन-चार सेकंदांत उचलली जाते. वीज कधी लागली ते रुग्णाला कळत नाही आणि बरेचदा थेरपिस्टलाही सांगितलेलं नसतं, म्हणजे ऐकण्यात पक्षपात होत नाही. एकाच जागी लागोपाठ दोनदा वीज देत नाहीत. फिरून फिरून प्रत्येक जागा तीनदा तपासतात, आणि तीनपैकी दोनदा तरी तीच अडचण आली तरच ती जागा भाषेची धरून तिथे आकडा लिहिलेला कागदाचा बारीक तुकडा ठेवतात. वीज नसतानाही उत्तरं चुकू लागली, तर माणूस दमला असं समजून थांबतात.

सगळं मर्म आहे ते चूक कशी झाली यात. पडद्यावर सुरमई आहे. रुग्ण गप्प बसला, तर जीभ अडली की शब्द आठवला नाही? त्याने ‘बांगडा’ म्हटलं, तर ओळख योग्य घरात गेली पण शेजारच्या खोलीत शिरली. हा अर्थाचा घोटाळा. ‘सुमरई’ म्हटलं तर शब्द बरोबर सापडला, अक्षरांची मांडणी बिघडली. हा ध्वनीचा घोटाळा. आधीच्या चित्रातली होडी मनातून जायला तयार नसेल आणि सुरमईलाही तो ‘होडी’च म्हणाला, तर मागचं सोडून पुढे सरकण्याची यंत्रणा अडली. या चार तऱ्हा मेंदूच्या वेगवेगळ्या जागी उमटतात. फ्रान्समध्ये माँपेलिएचे ह्यूग डुफो यांनी पृष्ठभागावर न थांबता आतल्या पांढऱ्या तंतूंनाही वीज लावली. मागच्या भागातून खालच्या बाजूने पुढे जाणाऱ्या एका लांब जुडग्याला वीज लागली की अर्थाचे घोटाळे होत. कमानीसारख्या वळणाऱ्या दुसऱ्या जुडग्याला लागली की ध्वनीचे. मागचाच शब्द पुन्हा म्हणण्याचा प्रकार मेंदूच्या गाभ्यातल्या कॉडेट या भागाशी आढळला. अर्थ आणि उच्चार हे दोन निरनिराळ्या वाटांनी जातात, हे मानसशास्त्रज्ञ चाचण्यांवरून म्हणतच होते. विजेने त्या वाटा हाताला लागू दिल्या.

आता रायगडच्या किनाऱ्यावर येऊ. चूक ओळखायची तर बरोबर काय ते आधी माहीत हवं, आणि ते ठरवणार कोण? उरण-पनवेल-पेण-अलिबागकडच्या आगरी आणि कोळी बोलींत दोन स्वरांमधला ‘ड’ पुष्कळदा ‘र’ होतो. घोडा तो घोरा, गाडी ती गारी, होडी ती होरी. ‘ळ’चा ‘ल’ आणि ‘ण’चा ‘न’ होतो. म्हणजे डोळा तो डोला, पाणी ते पानी. पुण्यात शिकलेली थेरपिस्ट समोर असेल, वीज टेकलेली असेल आणि रुग्ण ‘घोरा’ म्हणाला, तर कागदावर काय लिहायचं? पाठ्यपुस्तकाप्रमाणे एका ध्वनीऐवजी दुसरा आला, म्हणजे ध्वनीचा घोटाळा. त्या जागी आकडा पडणार, तेवढा भाग वाचवला जाणार आणि तिथली गाठ विनाकारण मागे राहणार. उलटही घडू शकतं. आयुष्यभर ‘घोरा’ म्हणणारा माणूस विजेखाली धडपडत ‘घोडा’ म्हणाला, तर ते प्रमाण मराठीत अचूक असूनही त्याच्यापुरतं काहीतरी हललेलं आहे. माझ्या मते ही दुसरी शक्यता जास्त फसवी, कारण कानाला काहीच खटकत नाही.

अर्थाच्या बाजूनेही तीच गोष्ट. सोलापूरकडच्या माणसाने सुरमईचं चित्र पाहून नुसतं ‘मासा’ म्हटलं तर उत्तर ठीक आहे. थळच्या किंवा वरसोलीच्या कोळणीने ‘मासा’ म्हटलं, तर तिथे वीज काहीतरी अडवते आहे असं धरायला हवं. जिला मासळीच्या ढिगातून पापलेट, घोळ, मांदेली एका नजरेत वेगळी करता येतात, तिच्या तोंडी इतका मोघम शब्द सहजी येणार नाही. परदेशी चित्रसंच जसेच्या तसे वापरण्यात हाच धोका असतो. अमेरिकेतल्या प्रसिद्ध बोस्टन नामचाचणीत साठ चित्रं आहेत, आणि त्यांत बीव्हर, प्रेट्झेल, इग्लू अशी मंडळी आहेत. रेवदंड्याच्या माणसाला प्रेट्झेल सांगता आला नाही तर त्यात त्याच्या मेंदूचा काय दोष?

यावरचा उपाय साधा आहे आणि चांगल्या पथकांत तो पाळला जातो. शस्त्रक्रियेआधी, वीजबीज काही नसताना, रुग्णाला सगळी चित्रं दाखवायची, त्याचीच उत्तरं त्याच्याच उच्चारात नोंदवायची. ज्या चित्राला तो अडखळला किंवा दोन वेगळी नावं दिली, ते चित्र बाद. टेबलावर तुलना करायची ती शब्दकोशाशी नव्हे, त्याच्या कालच्या उत्तराशी. घरचं माणूस शेजारी असलं तर फारच छान. ‘आमच्यात यालाच होरी म्हणतात’ हे तेच सांगू शकतं.

मराठीची एक सोय मात्र इथे आवर्जून वापरावी. नाव नुसतं विचारलं आणि उत्तर आलं नाही, तर वाचा थांबली की शब्द हरवला हे कळत नाही. म्हणून फ्रेंच आणि इंग्रजी चाचण्यांत ‘हे एक अमुक आहे’ अशा अर्थाचं वाक्य रुग्णाला म्हणायला लावतात. सुरुवात म्हटली गेली आणि नाव अडलं, तर तोंड चालू आहे, शब्दच मिळत नाही. मराठीत याहून बारीक तपास करता येईल. ‘हा बोंबील आहे’, ‘ही होडी आहे’, ‘हे जाळं आहे’. पहिलाच शब्द लिंग सांगून टाकतो, आणि क्रियापद नावाच्या पलीकडे उभं असतं. समजा रुग्ण म्हणाला, ‘ही... ही... आहे’. तोंड चालू आहे, वाक्याचा सांगाडा शाबूत आहे, स्त्रीलिंगसुद्धा हाती लागलं आहे. हरवला आहे तो फक्त ‘होडी’ या शब्दाचा आवाज. तीन लिंगांतलं एक अंदाजानेही बरोबर येऊ शकतं, म्हणून एका उत्तरावर विसंबायचं नाही. पण अशी उत्तरं पुन्हा पुन्हा आली तर काहीतरी ठोस सांगता येईल. शब्द जिभेवर आहे पण आठवत नाही अशा अवस्थेत इटालियन माणसांना शब्दाचं लिंग बरेचदा बरोबर सांगता येतं, हे 1997 मध्ये दाखवलं गेलं आहे. विजेखाली तेच मराठीत, तीन लिंगांच्या भाषेत पाहणं मोलाचं ठरेल.

याच किनाऱ्यावर कुंडलिकेच्या मुखाशी, रेवदंड्यासमोर कोर्लई गाव आहे. पोर्तुगीज 1740 मध्ये चौल सोडून गेले. मागे राहिलेल्या ख्रिस्ती कुटुंबांच्या घरात पोर्तुगीजातून घडलेली एक मिश्रभाषा टिकून राहिली. बोलणारे तिला ‘नौ लिंग’, म्हणजे आपली भाषा, म्हणतात. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी तिच्यावर 1996 मध्ये पुस्तक लिहिलं. शब्द बहुतांशी पोर्तुगीज, पण मराठीच्या शेजारात वाक्यरचना बदलली आणि क्रियापद वाक्याच्या शेवटी आलं. बोलणारे हजाराच्या आसपास, आणि जवळपास सगळे मराठीही बोलणारे.

समजा कोर्लईचा असा माणूस त्या टेबलावर आहे. परीक्षा कोणत्या भाषेत घ्यायची? शस्त्रक्रियागृहात नौ लिंग कुणालाच येत नसणार, तेव्हा मराठीत घेऊन मोकळं व्हायचा मोह होईल. तो टाळायला हवा, आणि का, ते सिएटलच्या जॉर्ज ओजेमान यांच्या कामातून कळतं. त्यांनी 1978 मध्ये हॅरी व्हिटेकर यांच्याबरोबर दोन भाषा बोलणाऱ्या रुग्णांवरचं काम प्रसिद्ध केलं आणि 2004 मध्ये त्यांच्या गटाने अशा 25 जणांचा अभ्यास मांडला. काही जागी वीज लावली की दोन्ही भाषांतली नावं अडत. काही जागी एकाच भाषेतली अडे, दुसरीतली सुरळीत येई. म्हणजे मराठीत निर्धोक ठरलेल्या जागेवर सुरी चालवली तर घरातली भाषा जाऊ शकते. कोर्लईच्या माणसाची आईशी बोलण्याची भाषा तीच असते. तेव्हा आदल्या दिवशी नातलगाच्या आवाजात प्रत्येक चित्राचं नाव ध्वनिमुद्रित करायचं, आणि टेबलावर दोन्ही भाषांत विचारायचं. वेळ दुप्पट लागतो, जागं राहण्याची माणसाची ताकद तास-दोन तासांचीच असते, म्हणून चित्रं कमी करावी लागतात. आणखी एक अडचण मला दिसते. मराठीसारखी निर्जीव वस्तूंनाही चिकटणारी तीन लिंगं नौ लिंगमध्ये नाहीत. ‘हा-ही-हे’ची वर सांगितलेली युक्ती तिथे चालणार नाही, पण क्रियापद शेवटी येत असल्याने सांगाडा तपासण्याची सोय राहते.

ओजेमान यांचं गाजलेलं काम 1989चं. 117 रुग्णांचा डावा अर्धा मेंदू तपासल्यावर त्यांना दिसलं की एकेका माणसात भाषेसाठी अत्यावश्यक अशा जागा बहुधा एक-दोन चौरस सेंटिमीटरच्या ठिपक्यांसारख्या असतात, आणि त्या कुठे असतील हे माणसागणिक बदलतं. 1861 मध्ये पॉल ब्रोका यांनी वाचा गेलेल्या एका रुग्णाच्या मेंदूवरून जी जागा दाखवली आणि शाळेच्या पुस्तकांनी जी अजून रंगवून ठेवली आहे, ती प्रत्येकात त्याच कामाची निघत नाही. डुफोंच्या गटाने 2014 मध्ये तर दाखवलं की बोलणं थांबवणारी जागा ब्रोकांच्या प्रदेशात नसून त्याच्या मागच्या, तोंडाच्या हालचाली आखणाऱ्या भागात सापडते. डीपीबद्दल वर म्हटलं ते इथे लागू होतं. जागा अडवल्यावर बोलणं थांबलं, एवढंच विजेने सांगितलं. भाषा तिथे ‘राहते’ हे आपण जोडलं. मग अडतं ते नुसतं तोंड की आणखी काही? 1999 मध्ये एका बहिऱ्या रुग्णावर, जो हातांच्या खुणांनी बोलत असे, हीच तपासणी झाली; ब्रोकांच्या जागी वीज लागल्यावर त्याच्या हाताच्या खुणांची घडण बिघडली आणि दुसऱ्या एका जागी खुणांचा अर्थ व ध्वनिसदृश रचना यांत गोंधळ झाला. या जागांचं काम तोंडापुरतं नाही, हे यावरून कळतं.

दुसरी मर्यादा रुग्णांची आहे. ज्यांचे मेंदू तपासले जातात ते सगळे आजारी. हळू वाढणारी गाठ वर्षानुवर्षं भाषेला बाजूला सरकवत असते, त्यामुळे त्यांच्या नकाशावरून निरोगी माणसाचा नकाशा काढताना हात आखडता घ्यावा लागतो.

डोकं न उघडता हे करता येत नाही का? अर्धंमुर्धं. 1985 मध्ये शेफील्डच्या अँथनी बार्कर यांनी डोक्यावर गुंडाळी धरून, बदलत्या चुंबकीय क्षेत्राने मेंदूत आतल्या आत प्रवाह उत्पन्न केला. तसे वेगाने लागोपाठ ठोके दिल्यास निरोगी माणसाचं बोलणंही क्षणभर थांबतं, म्हणून शस्त्रक्रियेआधीचा कच्चा नकाशा काढायला ते वापरतात. डोक्यावर ओल्या पट्ट्या बांधून एक-दोन मिलीअँपियरचा संथ प्रवाह सोडण्याची रीत दुसरी. त्यातला मोठा भाग कातडी आणि हाडातच वाटून जातो. तो काही अडवत नाही, पेशींना थोडं इकडेतिकडे झुकवतो एवढंच. पक्षाघातानंतर वाचा परत आणण्याच्या सरावाला जोड म्हणून तिच्यावर अभ्यास चालू आहेत. घरच्या घरी मेंदू तल्लख करण्याच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या पट्ट्यांवर मात्र पैसे घालवू नयेत.

टेबलावरच्या परीक्षेने फरक किती पडतो? 2012 मध्ये 8,091 रुग्णांच्या नोंदी एकत्र पाहिल्यावर आढळलं की विजेने नकाशा काढून केलेल्या शस्त्रक्रियांनंतर गंभीर स्वरूपाचं कायमचं अपंगत्व 3.4 टक्क्यांत राहिलं, नकाशाविना केलेल्यांत 8.2 टक्क्यांत. सॅन फ्रान्सिस्कोच्या मिचेल बर्जर यांच्या गटाने 2008 मध्ये 250 रुग्णांची हकीगत मांडली. त्यांतल्या 58 टक्क्यांतच भाषा अडवणारी एखादी तरी जागा सापडली. बाकीच्यांत उघड्या केलेल्या भागात एकही नाही, आणि तरी तेवढ्या भागापुरतं काम करून ते बहुतेक सुखरूप राहिले.

शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही दिवस बोलणं बहुतेकदा आधीपेक्षा वाईट होतं. सूज असते, हाताळणीचा ताण असतो. घरच्यांना हे आधीच सांगितलेलं नसेल तर ते हबकतात. आठवड्यांत आणि महिन्यांत बरंचसं परत येतं. मग प्रश्न उरतो तो दोन भाषांपैकी आधी कोणती परत येते याचा. फ्रान्सच्या रिबो यांनी 1881 मध्ये म्हटलं होतं की आधी शिकलेली. तिथल्याच पित्र यांनी 1895 मध्ये म्हटलं की जास्त वापरातली. नंतरच्या नोंदींत बहुसंख्य रुग्णांच्या दोन्ही भाषा बरोबरीनेच सुधारताना दिसल्या, पण सगळ्यांच्या नाही. घरी आगरी, कामावर हिंदी बोलणाऱ्या उरणच्या माणसाची तिसऱ्या महिन्यातली तपासणी नुसत्या प्रमाण मराठीत झाली, तर त्याचं काय परत आलं आणि काय नाही हे कागदावर येणारच नाही. म्हणून फेरतपासणीलाही तीच चित्रं, त्याच भाषा, आणि आदल्या दिवशी टिपलेले त्याचेच उच्चार समोर ठेवतात.